गोफण आणि पत्र

युद्धातील शस्त्र स्वस्त झाले, तर ते नीतीच्या दृष्टीने चांगले की वाईट? हा प्रश्न वरवर पाहता सेनापतींचा किंवा अर्थतज्ज्ञांचा वाटतो. धर्मग्रामातील कुटुंबांनी त्यात कशाला पडावे, असेही कोणी विचारील. परंतु वऱ्हाडातील माणसाला तरी हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे म्हणता येणार नाही. अमरावतीहून मोझरी, तिवसा, तळेगाव, कारंजा, कोंढाळी अशी गावे मागे टाकीत आपण निघालो की नागपूरच्या अलीकडे बाजारगाव लागते. लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या कॉलेजप्रवेशासाठी आपल्यापैकी अनेकजण या रस्त्याने कितीदा तरी गेले असतील. नागपूरच्या ज्या सोलर उद्योगसमूहाचा कारखाना या बाजारगावात आहे, त्याच समूहातील इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने 'नागास्त्र-१' नावाचे शस्त्र तयार केले आहे. भारतीय सैन्याने अशा ४८० नगांची मागणी नोंदविली होती आणि १२० नगांची पहिली खेप जून २०२४ मध्ये सैन्याच्या स्वाधीन झाली. ३० मार्च २०२५ रोजी याच समूहाच्या आवारात मानवरहित विमानांसाठी बांधलेल्या १२५० मीटर लांबीच्या धावपट्टीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले.

हे नागास्त्र सुमारे नऊ किलो वजनाचे आहे. सैनिक ते पाठीवर वाहून नेऊ शकतो. सुमारे अर्धा तास ते आकाशात घिरट्या घालीत राहते आणि लक्ष्य दिसताच आपल्याजवळील एक किलो स्फोटकासह त्यावर कोसळून स्वतःही नष्ट होते. लक्ष्य सापडले नाही, अथवा हल्ला रद्द करावा असे चालविणाऱ्याला वाटले, तर ते परत बोलावून हवाई छत्रीच्या साहाय्याने जमिनीवर उतरविता येते. या शेवटच्या गुणाची वाचकांनी विशेष नोंद ठेवावी. लेखाच्या उत्तरार्धात त्याचे महत्त्व ध्यानात येईल.

प्रथम रणगाड्याचे काय झाले ते पाहू. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणक्षेत्रावर रणगाडा पहिल्यांदा युद्धात उतरला आणि तेव्हापासून शंभर वर्षे तो भूदलाच्या सामर्थ्याचे प्रतीक बनून राहिला. महाराष्ट्राचा तर त्याच्याशी जवळचा संबंध आहे. भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आहे आणि तेथे १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालयही उभे राहिले. अनेक शाळांच्या सहली तेथे जातात; मुले त्या पोलादी धुडांना हात लावून पाहतात. हे धूड अजिंक्य आहे असे त्या वयात वाटावे, यात नवल नाही.

परंतु रणगाड्याचे जाड पोलाद मुख्यतः समोरच्या बाजूला असते, कारण शत्रू समोरून येणार हे गृहीत धरलेले असते. त्याचा माथा आणि इंजिनाकडील मागची बाजू तुलनेने पातळ असते. ड्रोन येतो तो नेमका वरून किंवा मागून. २०२० साली अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात ४४ दिवसांचे युद्ध झाले. त्यात आर्मेनियाच्या बाजूचे अनेक रणगाडे असे आकाशातून टिपले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, त्यानंतर हा अनुभव जगभर पोहोचला. तेथे चार-पाचशे डॉलर किमतीचे, पुढे कॅमेरा व खाली स्फोटक बांधलेले छोटे ड्रोन हजारोंच्या संख्येने वापरात आले. अमेरिकेने युक्रेनला दिलेल्या ३१ अब्राम्स रणगाड्यांपैकी प्रत्येकाची किंमत सुमारे एक कोटी डॉलर धरली जाते. म्हणजे एका रणगाड्याच्या किमतीत असे वीस हजार ड्रोन येतील. एप्रिल २०२४ मध्ये हे रणगाडे ड्रोनच्या धोक्यामुळे आघाडीवरून मागे घेतले गेल्याचे अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितले. रशियन सैनिकांनी आपल्या रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे आणि पत्र्यांची छपरे चढविली. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षातही दोन्ही बाजूंनी ड्रोन मोठ्या संख्येने वापरले.

रणगाड्याचे युग संपले, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या पायदळाने क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे फोडले, तेव्हाही असेच म्हटले गेले होते आणि रणगाडा त्यानंतरही राहिला. शिवाय एका रणगाड्यासाठी एकच ड्रोन नेहमी पुरतो असेही नाही. आपल्यापुढील नैतिक प्रश्न रणगाड्याच्या भवितव्याचा नाही. ज्या दिवसापासून मारणे इतके स्वस्त झाले, त्या दिवसापासून मारणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणता नवा भार पडला, हा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाला पहिले उत्तर सहज सुचते, ते आनंदाचे. पवित्र शास्त्रातील शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात दावीद आणि गल्याथ यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गल्याथाच्या अंगावर पाच हजार शेकेल वजनाचे पितळी चिलखत होते. दावीदाच्या हाती एक गोफण आणि ओढ्यातून वेचलेले पाच गुळगुळीत गोटे होते. आपल्याकडे ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार जी गोफण फिरवितो, तीच ही. तो गोफणगुंडा चिलखताला लागला नाही, चिलखत संपते तेथे, कपाळाला लागला. पातळ माथ्याचा शोध घेणाऱ्या आजच्या ड्रोनचा पूर्वज शोधायचा तर तो येथे सापडतो. आपल्या देशाच्या इतिहासातही अशी उदाहरणे आहेत. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ हवालदार अब्दुल हमीद यांनी एका साध्या जीपवर बसविलेल्या तोफेने बलाढ्य पॅटन रणगाडे फोडले आणि तेथेच १० सप्टेंबर रोजी त्यांना वीरमरण आले. आक्रमण झालेल्या दुबळ्याच्या हाती एखादे स्वस्त शस्त्र बलाढ्याला थोपविण्याचे सामर्थ्य देत असेल, तर त्यात पाप कोठे आहे? ख्रिस्तसभेने आत्मरक्षणाचा अधिकार कधीही नाकारलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली, देशाच्या सेवेत आपले कर्तव्य योग्य रीतीने बजावणारा सैनिक शांततेच्या कार्यालाच हातभार लावतो, असे मानले आहे.

येथे इतिहासातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ११३९ साली दुसऱ्या लॅटरन महासभेने एका शस्त्राचा वापर निषिद्ध ठरविला होता. ते शस्त्र म्हणजे आडवे यांत्रिक धनुष्य, क्रॉसबो. थोड्या शिक्षणाने ते कोणालाही चालविता येई आणि चिलखत घातलेल्या सरदाराला ते लांबून मारू शके. त्या बंदीत एक मोठी उणीव होती: ती ख्रिस्ती लोकांविरुद्धच्या वापरापुरतीच होती. जणू परधर्मीयाचे प्राण वेगळ्या तराजूत तोलायचे होते! ही बंदी कोणी फारशी पाळली नाही आणि तिचे अपयश आपल्याला शिकवून जाते. स्वस्त आणि परिणामकारक शस्त्र केवळ निषेधाने थांबत नाही. आणि जो निषेध आपल्या माणसापुरताच मर्यादित असतो, त्याला नैतिक बळही उरत नाही.

आता स्वस्ताईची दुसरी बाजू पाहू. आजवर शस्त्रांची महागाई हाच युद्धावरील एक मूक लगाम होता. एक कोटी डॉलरचे यंत्र वापरताना सेनापती दहा वेळा विचार करतो. लाखाचे क्षेपणास्त्र एकट्या माणसावर कोणी सोडीत नाही. पण हजारोंच्या संख्येने ड्रोन हाती असले की एकेका माणसामागे एकेक ड्रोन पाठविणे परवडू लागते. रणगाडे मागे गेले तरी ड्रोन आकाशात राहतातच आणि मग ते पायी चालणाऱ्या सैनिकाच्या, जखमींना नेणाऱ्या गाडीच्या, अखेर बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्याच्या मागे लागतात. ही कल्पना नव्हे. युक्रेनमधील खेर्सन भागात रशियन सैन्याने छोट्या ड्रोननी नागरिकांवर केलेले हल्ले हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतो, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये काढला. ज्या गोफणीने गल्याथ पडला, तीच गोफण गल्याथाच्या हातीही येऊ शकते. स्वस्त वस्तू दुबळ्याला मिळते तशीच बलाढ्यालाही मिळते. आणि बलाढ्याला ती अधिक संख्येने विकत घेता येते.

शिवाय 'स्वस्त' हा शब्द वापरताना कोणासाठी स्वस्त, हेही विचारले पाहिजे. १७ डिसेंबर २०२३ रोजी याच बाजारगावात, स्फोटकांच्या कारखान्यातील स्फोटात नऊ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. ती स्फोटके खाणींसाठीची होती, ड्रोनसाठीची नव्हती. तरीही दारूगोळ्याशी संबंधित कोणत्याही वस्तूच्या किमतीत अशा जिवांचा हिशेब धरलेला नसतो, एवढे त्या दिवसाने दाखवून दिले.

स्वस्ताईच्या जोडीला दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे अंतर. अंतर स्वतः वाईट नाही, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याइतके कोणाला कळणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडावर फार तर एखादा रुमाल आणि अंगावर उडणारे विष. आज ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. बचतगटांतील स्त्रियांनाही त्याचे शिक्षण दिले जात आहे. माणसाचा हात आणि विष यांच्यात ड्रोनने जे अंतर निर्माण केले, त्याबद्दल परमेश्वराचे आभारच मानावेत. आपल्या सैनिकाला धोक्यापासून दूर ठेवणारे अंतरही त्याच्या आईला असेच वाटणार आणि तिचे वाटणे न्याय्य आहे. सैनिकाने जीव धोक्यात घातलाच पाहिजे, तरच त्याचे युद्ध धर्म्य, असे ख्रिस्तसभेने कधी शिकविलेले नाही.

परंतु कपाशीवरची बोंडअळी आणि माणूस यांत भेद आहे. अळीपासून दूर राहिल्याने माझे काही हरवत नाही. ज्याला मी मारणार आहे त्या माणसापासून मी दूर राहतो, तेव्हा मात्र काहीतरी हरवू शकते. काय हरवते, ते दावीदाच्याच पुढल्या आयुष्यात दिसते. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात तोच दावीद राजा झालेला आहे. राजे लोक युद्धाला निघण्याच्या ऋतूत तो यरुशलेमेतच मागे राहिला आहे. बथशेबेशी केलेले पाप लपविण्यासाठी त्याला तिच्या पतीचा, उरीयाचा काटा काढायचा आहे. तो गोफण उचलीत नाही. तो एक पत्र लिहितो आणि ते उरीयाच्याच हाती देऊन सेनापती यवाबाकडे पाठवितो. घनघोर लढाईच्या तोंडावर उरीयाला ठेवून इतरांनी मागे सरावे, एवढाच त्यातला मजकूर. उरीया मरतो तो अम्मोनी लोकांच्या हातून. दावीदाच्या हाताला रक्त लागत नाही. निरोप आल्यावर, तलवार कोणालाही खाऊन टाकते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नये, असे तो यवाबाला कळवितो. ओढ्याकाठी समोरासमोर उभा राहिलेला मेंढपाळ आणि महालातून पत्र लिहिणारा राजा हे एकाच माणसाचे दोन काळ आहेत. मधल्या काळात त्याच्या हाती सत्ता आली आणि तिच्याबरोबर अंतर आले.

मग ड्रोन ही गोफण आहे की पत्र? माझ्या मते त्याचे उत्तर शस्त्रात नाही, चालविणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. तोफखान्यातील सैनिक लांबून मारतो, पण त्याला समोरचा माणूस दिसत नाही. विमानातून बॉम्ब टाकणाऱ्यालाही त्याचा चेहरा दिसत नाही. ड्रोन चालविणारा मात्र काही किलोमीटरवर सुरक्षित बसूनही पडद्यावर सारे पाहतो: पेटलेल्या रणगाड्याचे झाकण उघडून बाहेर पडणारा सैनिक, त्याचे धावणे, अडखळणे, वर पाहून हात जोडणे. मे २०२३ मध्ये युक्रेनमधील बाखमुतजवळच्या खंदकात एका रशियन सैनिकाने डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला हातांनी खुणा करून शरणागती सांगितली. चालविणाऱ्यांनी हल्ला थांबविला, ड्रोनमधून एक चिठ्ठी खाली टाकली आणि ड्रोनच्या मागोमाग चालत तो सैनिक त्यांच्या हद्दीत जिवंत पोहोचला. यंत्र तेच होते. पडद्यापुढे बसलेल्याने शत्रूत माणूस पाहिला, एवढाच फरक. म्हणूनच ड्रोनमुळे जबाबदारी कमी होते असे म्हणणे चुकीचे आहे. ती वाढते. 'मला दिसले नाही' ही युद्धातील जुनी सबब येथे चालणार नाही. सैनिक कोण व नागरिक कोण हा भेद पाळा, असे न्याय्य युद्धाची शिकवण पूर्वीपासून सांगत आली आहे. आज तो भेद पाहण्याचे साधन हाती असूनही जो पाहत नाही, त्याचा दोष अधिक मोठा आहे.

समोरचा माणूस दिसला की पुढे कधीतरी त्याला उत्तर देण्याची वाटही मोकळी राहते. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे पूना हॉर्सचे अधिकारी. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पेट घेतलेला रणगाडा न सोडता ते लढले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. सुमारे तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांचे वृद्ध वडील पाकिस्तानात आपले जन्मस्थान पाहण्यासाठी गेले. लाहोरला ज्यांनी त्यांचे आतिथ्य केले, त्या ख्वाजा महंमद नासिर या निवृत्त अधिकाऱ्याने अखेर त्यांना सांगितले की, आपल्याच हातून तुमचा मुलगा मारला गेला. हे सांगण्यासाठी त्याला तीस वर्षे लागली. पण आपण कोणाला मारले हे त्याला ठाऊक होते आणि म्हणूनच तो त्या पित्यापुढे उभा राहू शकला. काइनाला परमेश्वराने, तुझा भाऊ कोठे आहे, असे विचारले होते. त्या प्रश्नाला उत्तर देणारा कोणीतरी असावा लागतो.

आजची खरी भीती येथेच आहे. शत्रू ड्रोनचे रेडिओ-संदेश अडवू लागला, तेव्हा त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे ड्रोनला बारीक काचतंतूच्या धाग्याने जोडलेले ठेवणे. दुसरा म्हणजे संपर्क तुटला तरी शेवटच्या टप्प्यात यंत्राने स्वतःच लक्ष्याचा पाठलाग करून हल्ला पुरा करणे. या दुसऱ्या उपायात, शेवटच्या क्षणी हात वर करणाऱ्याला पाहून थांबणारा कोणीच उरत नाही. उद्या लक्ष्याची निवडही यंत्राकडे गेली, तर डोळा असेल, पण पाहणारा नसेल. दावीदाच्या पत्रामागे निदान दावीद तरी होता; नाथान संदेष्ट्याला त्याच्याकडे जाता आले, गरिबाच्या एकुलत्या एक कोकराची कथा सांगून, तो माणूस तूच, असे त्याला सांगता आले आणि राजाला पश्चात्ताप झाला. यंत्रापुढे नाथानाने कोणती कथा सांगावी? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी इटलीत जी-७ राष्ट्रांच्या प्रमुखांपुढे बोलताना, माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राने कधीही करू नये, अशी भूमिका घेतली ती याच कारणाने.

यासाठीच नागास्त्राच्या त्या गुणाकडे लक्ष वेधले होते. शस्त्र सोडल्यानंतरही ते परत बोलावता येते, ही सोय अभियंत्यांनी कदाचित काटकसरीसाठी केली असेल. परंतु नीतीच्या दृष्टीने ती त्या शस्त्राची सर्वांत मोलाची बाजू आहे. गोफणीतून सुटलेला गोटा दावीदाला परत बोलावता आला नसता. ज्या शस्त्राला परत फिरविता येते, ते न फिरविणाऱ्याची जबाबदारी शेवटच्या क्षणापर्यंत टिकून राहते. ती सोय आणि ती वापरणारा माणूस ही दोन्ही कोणत्याही पुढील शस्त्रातून काढून टाकली जाऊ नयेत. आपल्या घरांतील मुले अभियंते होतात, सैन्यात जातात, अशा कारखान्यांत नोकरीला लागतात. ही मागणी करण्याचा अधिकार आणि कर्तव्य त्यांच्याकडे इतरांहून अधिक आहे.

उरलेल्या आपणा सर्वांसाठीही एक कर्तव्य आहे आणि ते घरातच आहे. ड्रोनने टिपलेल्या माणसांच्या अखेरच्या क्षणांची चित्रे आज गाण्यांची साथ देऊन मोबाईलवर फिरत असतात. रात्री जेवणानंतर अकोल्यातील किंवा अमरावतीतील एखाद्या घरात चौदा वर्षांचा मुलगा ती पाहतो, हसतो आणि मित्राला पुढे पाठवितो. मारणे स्वस्त झाले तसे मरण पाहणेही स्वस्त झाले. दावीदाने उरीयाचे मरण निदान पाहिले नव्हते. आपण ते पाहून करमणूक करून घेतो. आईवडिलांनी त्या मुलावर रागावू नये. त्याच्या शेजारी बसावे आणि एवढेच विचारावे की, बाळा, हा पळणारा माणूस कोणाचा मुलगा असेल? तो शत्रूचा असला तरी हा प्रश्न बदलत नाही, कारण परमेश्वराच्या तराजूत ११३९ सालचा तो भेद नाही.

दर वर्षी २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जाऊन आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. या वर्षी घरातल्या मुलांनाही बरोबर घ्यावे आणि एक मेणबत्ती अधिक न्यावी. कोठल्या तरी शेताच्या बांधावर, कोणाच्या तरी पडद्यावर ज्याचा शेवट झाला, आणि ज्याचे नाव मारणाऱ्यालाही ठाऊक नाही, अशा दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी ती लावावी.